आधी खडा, मग अंगठी

तुमच्या घरातही ती डबी असणार. कपाटाच्या आतल्या कप्प्यात, आईच्या पैठणीखाली. कधी जुन्या लाल मखमलीची, तर कधी चक्क होमिओपॅथीच्या गोळ्यांची. आत कापसात गुंडाळलेला एक सुटा खडा. आजीच्या अंगठीतला, अंगठी कधीतरी मोडली आणि खडा मागे राहिला. किंवा आत्याच्या कुडीतून निखळलेला. घरात त्याचं नाव ठरून गेलेलं असतं, 'आजीचं माणिक'. ते माणिकच आहे का, हे मात्र कुणी कधी तपासलेलं नसतं.

मग एक दिवस तुमचा एकविसावा वाढदिवस येतो, किंवा इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड हातात पडतो, आणि आई म्हणते, "घे, याची अंगठी करून घे तुला." ऐकायला छान वाटतं. पण दुकानातली तयार अंगठी विकत घेणं वेगळं आणि सुट्या खड्यासाठी अंगठी घडवून घेणं वेगळं. तयार अंगठीत धातू, खडा, उंची, माप यांची जुळवाजुळव आधीच कुणीतरी करून ठेवलेली असते. इथे ते सगळे निर्णय तुमच्या गळ्यात पडतात. आणि चुकलं तर सोनं वितळवून पुन्हा ओतता येतं, खडा ओतता येत नाही.

मालाड पश्चिमेला स्टेशनबाहेर पडलात की एस. व्ही. रोड आणि आनंद रोडच्या बाजूला सराफांची दुकानं दिसायला लागतात. मोठ्या ब्रँडच्या काचेच्या शोरूम आहेत, तसेच दोन माणसं जेमतेम मावतील असे गाळेही. बहुतेक मुलं-मुली तिथे शिरतात ते मोबाइलवरचा फोटो पुढे करून. "अशी हवी." काउंटरवरचे काका फोटो बघतात, खडा बघतात आणि म्हणतात, "होऊन जाईल." घोळ सुरू होतो तो इथेच. फोटोतल्या अंगठीत असतो नीलम, चार बारीक नख्यांवर उंच बसवलेला. तुमच्या हातात असतो पाचू. नीलमाला जे चालतं ते पाचूला चालेलच असं नाही. म्हणून डिझाइनवर बोलायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर हातात हवं. हा खडा आहे तरी काय?

'खरा की खोटा?' हा प्रश्न अपुरा आहे

घरात हाच प्रश्न विचारला जातो, आणि उत्तर 'खोटा' आलं की सगळ्यांची तोंडं पडतात. पण लाल खड्याचंच घ्या. त्याची किमान चार उत्तरं असू शकतात.

एक, तो खाणीतून आलेला माणिक असेल. दोन, तो माणिकच असेल, पण प्रयोगशाळेत बनवलेला. तीन, खाणीतलाच पण भेगाळलेला, हलक्या प्रतीचा माणिक, ज्याच्या भेगांमध्ये शिशाची काच भरून तो चकचकीत केलाय. चार, तो निव्वळ लाल काच किंवा दुसरंच रत्न असेल. दुसरं रत्न निघालं म्हणून लगेच खट्टू होऊ नका. ब्रिटिश राजमुकुटात पुढच्या बाजूला बसवलेला, शतकानुशतकं 'ब्लॅक प्रिन्स रुबी' म्हणून मिरवलेला लाल खडासुद्धा माणिक नाही, तो स्पिनेल आहे.

यातलं दुसरं उत्तर आपल्या आजी-पणजीच्या दागिन्यांत अजिबात दुर्मीळ नाही. ऑग्युस्त व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली कृत्रिम माणिक बनवायची पद्धत जाहीर केली. ॲल्युमिनियम ऑक्साइडची बारीक भुकटी, तिच्यात रंगासाठी चिमूटभर क्रोमियम ऑक्साइड, हे मिश्रण ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली सोडायचं. वितळलेले थेंब खाली एकावर एक साचतात आणि काही तासांत माणकाचा कांडीसारखा स्फटिक तयार होतो. केमिस्ट्रीवाल्यांच्या लगेच लक्षात येईल, खाणीतला माणिकसुद्धा हाच. ॲल्युमिनियम ऑक्साइड अधिक क्रोमियम. फरक एवढाच की एक जमिनीखाली बनला, दुसरा भट्टीपाशी. म्हणजे हा प्रकार शंभर वर्षांहून जुना आहे. 'आमचा खडा पणजीच्या काळचा, तेव्हा कुठे होता डुप्लिकेट माल' हा घरचा युक्तिवाद इथे गळून पडतो.

पटत नसेल तर आजोबांचं चावीचं एचएमटी घड्याळ काढा. तबकडीवर 'सतरा ज्वेल्स' असं काहीतरी इंग्रजीत लिहिलेलं सापडेल. ते ज्वेल्स म्हणजे आतल्या चाकांचे आस टेकायला बसवलेले चिमुकले कृत्रिम माणिक. घासून झिजत नाहीत म्हणून ते वापरले जायचे. आणि अंगठीच्या दृष्टीने हाच मुद्दा सगळ्यात कामाचा आहे. कृत्रिम माणिक तितकाच टणक असतो. तुमच्या आजीचा खडा प्रयोगशाळेतला निघाला तर बाजारात त्याला फारशी किंमत येणार नाही, हे खरं. पण तो रोज बोटात घालता येईल, त्याला चरे पडणार नाहीत, आणि तो आजीचा होता हे काही बदलत नाही.

उलट तिसऱ्या उत्तरातला, काच भरलेला माणिक, कागदोपत्री 'नैसर्गिक' असतो. २००४ च्या सुमारास असा माल बाजारात मोठ्या प्रमाणात यायला लागला. त्यामुळे तो आजीच्या डबीत निघण्याची शक्यता कमी, पण अलीकडे कुणी 'स्वस्तात मिळाला' म्हणून आणून दिला असेल तर नक्की असू शकते. सोनाराची ज्योत लागली की त्याच्या आतली काच खराब होते. दागिना साफ करायच्या ॲसिडने पृष्ठभागावर जाळी दिसायला लागते. लिंबाच्या रसानेसुद्धा ती काच झिजते. म्हणजे 'खरा' खडा अंगठीत टिकला नाही आणि 'खोटा' जन्मभर टिकला, असं सहज होऊ शकतं. म्हणून खरा-खोटा विचाराच, पण त्याच्या जोडीला हेही विचारा की हा खडा काय सोसू शकतो.

हे डोळ्यांनी कळत नाही. मुरलेल्या जोहऱ्यालाही नुसत्या नजरेने सांगणं अवघड जातं. तपासायला सूक्ष्मदर्शक लागतो. व्हर्नॉयच्या माणकात वाढीच्या रेषा वक्र दिसतात, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या, आणि कधी वायूचे बुडबुडे. खाणीतल्या माणकात सरळ, कोनात वळणाऱ्या रेषा, कधी रेशमासारख्या बारीक सुया. आपल्या नशिबाने मुंबईत रत्नपरीक्षणाच्या प्रयोगशाळा हाताशी आहेत. जीआयए, आयजीआय यांसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांचं काम इथे चालतं, झवेरी बाजार आणि ऑपेरा हाउस परिसरातही प्रयोगशाळा आहेत. खडा सुटा असतानाच तपासून घ्या. एकदा कोंदणात बसला की त्याचं नेमकं वजन करता येत नाही, आणि खालची बाजू झाकलेली असेल तर तपासणीही अर्धवट राहते.

अहवालात 'उष्णता दिली आहे' असा शेरा आला तर घाबरायचं कारण नाही. बाजारातल्या माणिक-नीलमांपैकी बरेचसे रंग खुलवण्यासाठी तापवलेले असतात आणि ते व्यापारात मान्य आहे. पाचूबद्दल 'तेल' असा शेरा असेल तर मात्र तो शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काय सोसतं, काय नाही

खनिजांच्या टणकपणाची मोज् मोजपट्टी शाळेत झाली आहे. हिरा १०. माणिक, नीलम आणि पुष्कराज, म्हणजे पिवळा नीलम, हे तिघं एकाच घरातले, ९. स्पिनेल आणि टोपाझ ८. पाचू साडेसात ते आठ. जांभळा ॲमेथिस्ट आणि दुकानात 'सुनेला' म्हणून मिळणारा सिट्रिन ही दोन्ही क्वार्ट्झची रूपं, म्हणून ७. गोमेद, म्हणजे गार्नेटचा एक प्रकार, त्याच्याच आसपास. ओपल साडेपाच-सहा. पोवळं आणि मोती थेट तीन-चारच्या घरात.

यात ७ हा आकडा महत्त्वाचा. बांधकामाच्या रेतीत, रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. आणि मालाडमध्ये धूळ नाही असा रस्ता दाखवा. सातच्या खालचा कुठलाही खडा रोज बोटात घालून फिरलात की वर्ष-दोन वर्षांत त्याच्या पैलूंच्या कडा बोथट होतात, चमक मंदावते. मोती, पोवळं, ओपल यांची अंगठी करू नका असं मी म्हणणार नाही, पण ती लग्नाकार्याला घालायची अंगठी आहे. त्यांचं पेंडंट करा, कानातलं करा, जास्त सुखाने राहतील.

पाचूचा प्रश्न निराळा. टणक आहे, पण आतून भेगाळ असतो आणि ठिसूळ. त्या भेगा दिसू नयेत म्हणून त्याला तेल पाजलेलं असतं, अहवालातला शेरा तोच. गरम पाणी, साबण आणि सराफाच्या दुकानातलं ते गुरगुरणारं अल्ट्रासॉनिक मशीन यांनी तेल निघून जातं आणि लपलेल्या भेगा वर येतात. "द्या, फुकटात चमकवून देतो" म्हणणाऱ्याला पाचूची अंगठी कधीही देऊ नका.

आता ट्रेकवाल्यांसाठी, कारण तुमच्यापैकी कुणीतरी आजीचा खडा नसला तरी एखादा चकाकणारा दगड बाळगून असणार. दख्खनचा काळा बेसॉल्ट लाव्हारसाचा, आणि त्यातल्या पोकळ्यांमध्ये स्फटिक वाढतात. ॲमेथिस्ट, अकीक आणि झिओलाइटचे नाना प्रकार. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हान्साइट तर जगभरच्या खनिजसंग्राहकांना माहीत आहे. पण त्याचा टणकपणा तीन-चार. अंगठीत महिनाभरही नीट राहणार नाही, शेल्फवरच ठेवा. ॲमेथिस्ट किंवा अकीक असेल तर पैलू पाडून खुशाल अंगठी करता येईल. (दगडांच्या बाबतीत मालाडकरांनी तसं मागे राहायचं कारण नाही. काळा घोड्याची डेव्हिड ससून लायब्ररी १८७० साली बांधून झाली ती पिवळट मालाड स्टोनमध्येच. फक्त तो बोटात घालता येत नाही.)

मोजमापाची भानगड

खडा काय आहे ते कळलं. आता तो केवढा आहे ते.

ज्योतिषाच्या सल्ल्याने घेतलेला खडा असेल तर घरात वजन रत्तीत सांगतात. 'सव्वापाच रत्ती' हे तर तुम्ही ऐकलंच असेल. रत्ती म्हणजे मुळात गुंजेची बी, आणि तिचं वजन कोण बोलतंय त्यावर ठरतं. सोन्याच्या जुन्या मापातली गुंज साधारण १२० मिलिग्रॅमची, तर रत्नवाल्यांची 'पक्की' रत्ती १८० मिलिग्रॅमच्या आसपास. एकाच 'सव्वापाच'चे म्हणून एकीकडे सव्वातीन कॅरेटच्या आत, तर दुसरीकडे पावणेपाच कॅरेट होतात. त्यामुळे रत्ती बोलायला ठेवा, कागदावर कॅरेटच लिहून घ्या. एक कॅरेट म्हणजे बरोबर २०० मिलिग्रॅम, जगात कुठेही. सोन्याच्या शुद्धतेचं कॅरेट वेगळं, हे सांगायला नको.

वजनाबरोबर लांबी, रुंदी आणि खोली मिलिमीटरमध्ये मोजून घ्या. यातली खोली लोक विसरतात. जुने खडे हाताने पैलू पाडलेले, दोन्ही बाजू सारख्या नसलेले, आणि वजन वाचवण्यासाठी खाली पोट सुटलेले असतात. म्हणूनच ते तयार साच्यात बसत नाहीत आणि अंगठी खास घडवावी लागते. पोट मोठं असेल तर अंगठी उंच होते, नाहीतर खड्याचं टोक बोटाला टोचतं. अशा वेळी सोनार सुचवेल, "थोडा घासून घेऊ या, बसेल मस्त." वरचे चरे काढायला हलकं पॉलिश करून घेणं ठीक. पण आकार बदलायचा तर वजन किती घटेल हे आधी विचारा आणि घरी बोलून मगच हो म्हणा. कोंदण खड्यासाठी असतं, खडा कोंदणासाठी नाही.

खडा हातातून सोडताना

मालाडच्या दुकानात तुम्ही ऑर्डर देता, पण काम अनेकदा तिथे होत नाही. दुकानदार खडा पुडीत घालून बाहेर कारागिराकडे पाठवतो. डिझाइन एकाकडे, ओतकाम दुसरीकडे, खडा बसवणारा तिसरा. बऱ्याचदा ही वाट दक्षिणेला झवेरी बाजारात जाते, जिथे शेख मेमन स्ट्रीटच्या मागच्या गल्ल्यांत, जुन्या इमारतींच्या माड्यांवर कारागीर बसतात. त्यात बंगालमधून आलेले पुष्कळ. वाटलं तर तुम्ही स्वतःही जाऊ शकता. मालाडहून चर्चगेट लोकल, मरीन लाइन्सला उतरायचं आणि काळबादेवीतून चालत. मजुरी तिथे कमी पडू शकते. पण पहिलीच अंगठी असेल तर मी घराजवळचा सोनार निवडीन. मधल्या टप्प्यांवर चार वेळा जाऊन बघता येणं हे वाचलेल्या हजारभर रुपयांपेक्षा मोलाचं आहे.

या धंद्यात 'जांगड' नावाचा प्रकार आहे. विक्री न करता, चिठ्ठीवर वजन लिहून, विश्वासावर माल दुसऱ्याच्या हवाली करणं. लाखोंचे हिरे असे एका पुडीतून फिरतात, पण चिठ्ठी असते. मग तुमच्या खड्याची का नसावी? पावतीवर खड्याचं नाव, कॅरेटमध्ये वजन, मिलिमीटरमध्ये मापं आणि अहवालाचा क्रमांक लिहून घ्या. देण्याआधी दुकानातल्याच दहापट भिंगातून खड्याचा आतला एखादा डाग, सुई, रेघ बघून ठेवा आणि भिंगाला मोबाइल लावून फोटो काढा. तो डाग म्हणजे खड्याचं आधारकार्ड समजा. अंगठी परत आली की पुन्हा तोच डाग शोधा. "एवढा विश्वास नाही का आमच्यावर?" असं कुणी हसत म्हणालं तर तुम्हीही हसून म्हणा, "काका, आजीचा आहे, घरी उत्तर द्यायचंय." जाणता सोनार यात वाईट वाटून घेत नाही. उलट गिऱ्हाइकाला काही कळतं म्हटल्यावर तो जास्त मोकळेपणाने बोलायला लागतो.

बोट तुमचं, लोकल तुमची

आता कुठे डिझाइन. आणि इथे स्वतःच्या दिवसाकडे बघा. सकाळी लोकलच्या दांड्याला लटकता, जिममध्ये डंबेल धरता, कुणी प्रॅक्टिकलला ॲसिड हाताळता, कुणी गिटार वाजवता. उंच नख्यांवरचा खडा, कारागीर ज्यांना प्राँग म्हणतात त्यांवर बसवलेला, प्रकाशात सुंदर खेळतो. आणि तोच ओढणीत, केसांत, सॅकच्या चेनमध्ये अडकतो. पाचू, गोमेद, ॲमेथिस्ट असा खडा रोज घालायचा तर चारी बाजूंनी धातूची कड असलेलं बंद कोंदण घ्या. ते जरा जुन्या वळणाचं दिसतं, चमकही थोडी दबते, पण कडा वाचतात. माणिक-नीलम असेल तर नख्या चालतील. चारऐवजी सहा सांगा, एक तुटली तरी खडा जागेवर राहतो. मागची बाजू उघडी ठेवायला सांगा. ज्योतिषी सांगतात ते खडा त्वचेला लागावा म्हणून, माझं कारण साधं आहे. साबण आणि घामाचा थर तिथेच बसतो, आणि उघडी असली तर जुन्या मऊ टूथब्रशने साफ करता येते.

धातूचं म्हणाल तर घरचे २२ कॅरेटचा आग्रह धरतील. पाटल्यांना, साखळीला उत्तम. पण २२ कॅरेट मऊ असतं आणि त्याच्या नख्या हळूहळू उघडतात. खड्याच्या अंगठीला १८ कॅरेट बरं. त्यात सोनं ७५ टक्के, बाकी तांबं-चांदी, त्याने ताठपणा येतो आणि बिलही उतरतं. १४ कॅरेटही वाईट नाही. २०२५ पासून ९ कॅरेटलाही हॉलमार्क मिळायला लागला आहे, त्यात सोनं साडेसदतीस टक्के. बजेट अगदीच नसेल तर चांदी घ्या. काळी पडेल, चेपेल, पण दोन-चार वर्षांनी नोकरी लागल्यावर तोच खडा सोन्यात बसवता येईल. घाई कसली आहे? पट्टी मात्र फार बारीक नको. दीड मिलिमीटरच्या खालची जाडी रोजच्या वापरात वाकते.

हल्ली डिझाइन कॉम्प्युटरवर, कॅडमध्ये होतं. स्क्रीनवर अंगठी तुमच्या तळहाताएवढी दिसते आणि भारीच वाटते, त्याला भुलू नका. खऱ्या आकारात प्रिंट मागा. त्याहून चांगलं म्हणजे, ओतण्याआधी मेण किंवा रेझिनचा थ्रीडी नमुना निघतोच, तो बोटात घालून बघू द्या म्हणावं. त्याच घडीला उंची, टोचणं, शेजारच्या बोटाला घासणं सगळं कळतं, आणि बदलाचा खर्च नगण्य असतो. सोनं ओतल्यावर तोच बदल महाग पडतो. (हे कॅडचं काम बघून कुणाला वाटलं, 'अरे, हे तर मला जमेल', तर अंधेरीला आयआयजीजे आणि जुहूला एसएनडीटीचा ज्वेलरी डिझाइन विभाग आहे. अंधेरीचं सीप्झ १९७३ साली इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी सुरू झालं आणि आज दागिन्यांच्या निर्यातीसाठी ओळखलं जातं. आता तिथे मेट्रोचं स्टेशनही आहे.)

बोटाचं माप संध्याकाळी द्या. सकाळी बोट बारीक असतं, एसीत बसून आलात तर आणखी. उकाड्यात चालून आल्यावर फुगतं. पेराच्या गाठीवरून जरा अडखळून जाईल आणि खाली फिरणार नाही, ते माप बरोबर. यात एवढी काटेकोरपणा करायचं कारण ज्योत. नंतर माप वाढवायचं म्हणजे पट्टी कापून सातशे-आठशे अंशांना डाक द्यायचा. माणिक-नीलमाला ते अनुभवी हातात निभावतं. पाचू, ओपल, मोती, काच भरलेला माणिक यांना नाही. त्यांच्यासाठी खडा आधी काढावा लागतो आणि काढताना कड उडण्याची भीती.

बिल वाचता येतं का?

सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि पैसे जातात ते इथेच. बिलावर दोन वजनं हवीत. खड्यासकट एकूण, आणि खडा वजा करून निव्वळ सोन्याचं. पाच कॅरेट म्हणजे एक ग्रॅम. तीन कॅरेटचा खडा म्हणजे ०.६ ग्रॅम. हिशेबापुरता सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरा. खडा वजा केला नसेल तर स्वतःच्याच आजीच्या खड्याचे तुम्ही सोन्याच्या भावाने ६,००० रुपये मोजले.

घडणावळ ग्रॅमवर आहे, टक्क्यांत आहे की नगावर, ते आधी ठरवा. खास घडवलेल्या एकट्या अंगठीला ती तयार मालापेक्षा जास्त पडते, आणि ते रास्त आहे. त्यात माणसाचे तास आहेत, फार घासाघीस करू नका. घट किती धरली, डिझाइन आवडलं नाही तर कॅडचे पैसे वेगळे का, हेही विचारा. आजीच्या मोडक्या अंगठीचं सोनं घालणार असाल तर कॅरेटमीटरवर त्याची शुद्धता तुमच्यासमोर बघू द्या म्हणा. तयार दागिन्यावर ३ टक्के जीएसटी लागतो.

१ एप्रिल २०२३ पासून सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय विकता येत नाही. अंगठीच्या आतल्या बाजूला तो भिंगातून दिसतो. १८ कॅरेट असेल तर जोडीला ७५० हा आकडा. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला की दागिन्याची शुद्धता दिसते, दुकानातून निघायच्या आधीच बघा. एक गोम आहे. दोन ग्रॅमहून हलक्या दागिन्याला ही सक्ती नाही, आणि नाजूक अंगठी सहज त्याखाली जाते. तसं असेल तर कॅरेटमीटरचं रीडिंग मागा आणि बिलावर शुद्धता लिहून घ्या.

वेळेचं म्हणाल तर दसरा-दिवाळी आणि लग्नसराईत कारागिराला मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा घाईचं काम टाळा. पितृपक्षात दुकानं शांत असतात. घरचे नाक मुरडतील, पण ऑर्डर तेव्हा देऊन अंगठी घटस्थापनेनंतर आणायची, असा तोडगा निघतो.

अंगठी हातात आली की पहिल्यांदा भिंगातून तो डाग शोधा. मग एखादी जुनी नायलॉनची ओढणी नख्यांवरून फिरवा. धागा अडकला तर नखी नीट बसलेली नाही, तिथल्या तिथे परत द्या. पुढे दर सहा महिन्यांनी अंगठी कानाजवळ धरून नखाने टिचकी मारत जा. बारीक 'टिकटिक' ऐकू आली तर खडा हलतोय. अंगठी लगेच काढून त्याच जुन्या डबीत ठेवा आणि संध्याकाळी सोनाराकडे न्या. नखी दाबायला त्याला पाच मिनिटं लागतात.